ओ न देणाऱ्याची नोंद

(एस. वाय. बी. ए., उत्रोली, ता. भोर)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रडारवर लेख लिहावा, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. विज्ञानाचे विषय विज्ञान शाखेने हाताळावेत आणि आम्ही कविता, ललितलेख आणि सहलीची वर्णने लिहावीत, अशी एक अलिखित वाटणी वार्षिकांतून झालेली असते. ही वाटणी मला मान्य नाही. आमच्या उत्रोलीच्या आकाशातूनही रात्री विमानांचे लुकलुकणारे दिवे सरकत जातात. माझ्या घरात विमानात बसलेले कोणी नाही. महाविद्यालयाची पायरी चढणारीही मी पहिलीच. तरीसुद्धा त्या दिव्यांना वाट कोण दाखवते, ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून कोण जागे असते, हे विचारण्याचा अधिकार मला आहे असे मी मानते. उत्तर शोधता शोधता माझे एक मत बनले. जुने आणि खर्चिक म्हणून जगात ठिकठिकाणी जे बाजूला सारले जाऊ पाहते आहे, ते प्राथमिक रडार टिकले पाहिजे, हे ते मत. ते का, हे सांगण्यासाठी आधी हे यंत्र काय करते ते पाहिले पाहिजे.

रोहिड्याच्या किंवा रायरेश्वराच्या कड्यासमोर उभे राहून आपण हाक मारली की क्षणभराने तीच हाक परत ऐकू येते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हाक मारल्यापासून एका सेकंदाने प्रतिध्वनी आला, तर कडा १७० मीटरांवर आहे हे घड्याळाच्या मदतीने कोणालाही सांगता येईल. कारण त्या सेकंदात आवाज जाऊनही आला आणि येऊनही पोचला. प्राथमिक रडार हेच करते. फरक इतकाच की ते आवाजाऐवजी रेडिओलहरींचा अत्यंत अल्पकाळ टिकणारा स्पंद सोडते, आणि या लहरी सेकंदाला जवळजवळ तीन लक्ष किलोमीटर धावतात. पंचाहत्तर किलोमीटरांवरच्या विमानाला धडकून आलेला प्रतिध्वनी सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात परत येतो. तो काळ मोजला की अंतर कळते. रडारचा ॲन्टेना गरगर फिरत असतो. विमानतळाजवळच्या रडारचा ॲन्टेना साधारण चार-पाच सेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. प्रतिध्वनी आला त्या क्षणी ॲन्टेनाचे तोंड ज्या बाजूला होते, त्या बाजूला विमान आहे. दिशा मिळाली, अंतर मिळाले. पडद्यावर एक ठिपका उमटला.

ऐकायला सोपे वाटणारे हे काम प्रत्यक्षात फार कठीण आहे. विमानावर आपटलेली लहर चहूकडे विखुरते आणि तिचा अगदी क्षुल्लक अंश रडारकडे वळतो. विमानाचे अंतर दुप्पट झाले की परत येणारी शक्ती निम्मी होत नाही, पाव होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येते. कारण जातानाही लहर पसरते आणि येतानाही. म्हणून या रडारला प्रचंड जोराची हाक मारावी लागते आणि कान अतिशय तिखट ठेवावे लागतात. खर्च वाढतो तो इथे.

शिवाय प्रतिध्वनी फक्त विमानच देते असे नाही. डोंगर देतो, पक्ष्यांचा थवा देतो, पाऊसही देतो. डोंगर जागचा हलत नाही आणि विमान हलते, या एका भेदावर तोडगा निघाला. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता किंचित बदलते. आगगाडी जवळ येताना आणि लांब जाताना तिच्या शिट्टीचा स्वर बदलतो, तसेच हे. ज्यांची वारंवारता बदलली नाही ते प्रतिध्वनी गाळून टाकले की डोंगर पडद्यावरून पुसला जातो. मात्र डोंगराच्या पलीकडे जे आहे ते रडारला दिसत नाहीच. आमच्यासारख्या खोऱ्यांच्या मुलखात रडार कितीही चांगले असले तरी कड्याआडचे खालून उडणारे विमान त्याच्या नजरेतून सुटणार.

पाऊस हा विमानाच्या रडारला अडथळा, तर हवामानाच्या रडारला तोच अभ्यासाचा विषय. याचे उदाहरण भोरकरांच्या अगदी उशाला आहे. मांढरदेवीचा डोंगर आपल्याला काळूबाईमुळे ठाऊक. त्याच मांढरदेवला, सुमारे १३०० मीटर उंचीवर, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तीन सेंटिमीटरांच्या आसपासच्या लहरी सोडणारे रडार बसविले आणि सह्याद्रीवरच्या मोसमी ढगांचा अभ्यास केला. २०१४ सालच्या पावसाळ्यातील त्याच्या नोंदींवर शोधनिबंधही प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या ढगांकडे पाहून आमची मंडळी भाताची लावणी कधी करायची ते ठरवितात, त्याच ढगांकडे शेजारच्या डोंगरावरून एक यंत्र पाहत होते. ढगाला कोणी विचारीत नाही, ‘तू कोण, कुठे निघालास?’ ढग उत्तर देत नाही. रडार हाक मारते आणि ढगाच्या पोटातले थेंब नुसत्या असण्यानेच ती परतवितात. नुसत्या असण्याची नोंद घेणारे यंत्र म्हणजे प्राथमिक रडार, अशी मी त्याची व्याख्या करीन.

या यंत्राचा जन्म मात्र युद्धाच्या छायेत झाला. रेडिओलहरी धातूच्या पत्र्यावरून परावर्तित होतात हे हाइनरिश हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकातच प्रयोगाने दाखविले होते. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी इंग्लंडमधील डॅव्हेन्ट्री येथे रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि त्यांचे सहकारी आर्नल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या प्रक्षेपणाच्या लहरी एका बॉम्बर विमानावरून परततात हे सिद्ध केले. पुढच्या चार-पाच वर्षांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर रडारकेंद्रांची साखळी उभी राहिली. शत्रूचे विमान आपले नाव सांगत येत नाही. तेव्हा ओ न देणाऱ्याला हुडकणे हाच रडारचा मूळ धर्म होता. युद्ध संपल्यावर तेच यंत्र प्रवासी विमानांच्या रक्षणाला लागले.

रडार नसते तेव्हा काय होते, हेही समजून घेतले पाहिजे. अशा वेळी जमिनीवरचा नियंत्रक वैमानिकाच्या बोलण्यावर विसंबून असतो. वैमानिक रेडिओवरून कळवितो, ‘अमुक ठिकाणावर आहे, इतके वाजले आहेत, इतकी उंची आहे’; नियंत्रक ते कागदाच्या पट्टीवर टिपतो आणि मनातल्या मनात आकाशाचा नकाशा मांडतो. एकाच वाटेने एकाच उंचीवर जाणाऱ्या दोन विमानांत मग साधारण दहा मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान दहा मिनिटांत १३० किलोमीटरांहून अधिक पुढे जाते. रडार हाताशी असले की हेच अंतर पाच सागरी मैलांवर, म्हणजे नऊ-साडेनऊ किलोमीटरांवर आणता येते. आजची गर्दीची वाहतूक चालते ती या एका सोयीमुळे.

परंतु खरा धोका गर्दीचा नाही. वैमानिकाचीच समजूत चुकली असेल, तर ऐकणाऱ्याचा नकाशाही चुकतो. आपल्याच पुणे जिल्ह्यात याची एक भयंकर आठवण आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईला येणारे अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील ९४ ही जण मृत्यू पावले. मुंबई तेथून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत अशी वैमानिकाची समजूत झाली आणि पावसाळी रात्रीच्या अंधारात त्याने वेळेआधीच विमान खाली आणले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. खाली समुद्रकाठ नव्हता, सह्याद्री होता. ज्यांना घाटमाथ्यावरचा जुलै माहीत आहे त्यांना त्या रात्रीचे वर्णन वेगळे सांगायला नको. ‘मी इथे आहे’ असे माणूस सांगतो आणि तो प्रत्यक्षात तिथे असतोच असे नाही. म्हणून सांगण्याखेरीज पाहणारेही कोणी हवे.

आता प्राथमिक रडारची दुसरी बाजू. जे पाहते ते सगळेच पाहते असे नाही. विमानतळाच्या प्राथमिक रडारचा झोत आडवा अरुंद आणि उभा मात्र जमिनीपासून वरपर्यंत पंख्यासारखा पसरलेला असतो. त्यामुळे विमान कोणत्या दिशेला आहे हे नेमके कळते. ते त्या झोतात खाली आहे की वर, हे कळत नाही. ठिपक्याला उंची नसते आणि नावही नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी दुय्यम रडार आले. त्याची कल्पना शिवकाळातल्या गडाच्या पहाऱ्यावरून चांगली समजेल. अंधारात वाटेवर कोणीतरी आकृती हलते आहे हे पहारेकऱ्याने पाहिले, हे प्राथमिक रडार. मग त्याने ‘कोण आहे?’ असे दरडावून विचारले आणि खालून परवलीचा शब्द आला, हे दुय्यम रडार. जमिनीवरून १०३० मेगाहर्ट्झवर प्रश्न जातो. विमानातील ट्रान्सपॉन्डर नावाचे यंत्र तो ऐकते आणि १०९० मेगाहर्ट्झवर आपला चार अंकी क्रमांक व उंची कळविते. या क्रमांकात शून्यापासून सातपर्यंतचेच अंक वापरतात. म्हणून एकूण ४०९६ क्रमांक होतात. त्यांतले काही राखून ठेवले आहेत. ७५०० म्हणजे विमानाचे अपहरण, ७६०० म्हणजे रेडिओ बंद, ७७०० म्हणजे संकट. इथे विमान स्वतःच्या जोरावर उत्तर देत असल्यामुळे जमिनीवरून थोड्या शक्तीची हाक पुरते. यंत्र स्वस्त पडते, लांबवर चालते आणि पाऊस-पाखरांचा गोंधळही करीत नाही.

केवळ प्राथमिक रडारवर विसंबल्याची किंमत भारताने १२ नोव्हेंबर १९९६ रोजी मोजली. त्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीला येत असलेले कझाकस्तानचे इल्युशिन ७६ ही दोन विमाने हरयाणातील चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्हींतील मिळून ३४९ माणसे गेली. एकही वाचले नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना वाट एकच होती. नियंत्रकाने सौदी विमानाला १४,००० फुटांवर आणि कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहावयास सांगितले होते. दिल्लीत तेव्हा दुय्यम रडार कार्यान्वित झालेले नव्हते. पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते. पण एक ठिपका दुसऱ्याच्या हजार फूट वरून जाणार, या विश्वासाने ते तसे सरकणे नियमाला धरूनच होते. कझाक विमान आपली उंची सोडून खाली आले आहे हे त्या ठिपक्यावरून कळण्याचा मार्गच नव्हता. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत कझाक विमानाचे परवानगीवाचून खाली येणे हेच अपघाताचे कारण ठरले. त्यानंतर दुय्यम रडार आले, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि विमानांना परस्परांची चाहूल देणारे टीकॅस नावाचे यंत्र भारतात सक्तीचे झाले. हे सर्व योग्यच झाले. प्राथमिक रडारची बाजू घेताना चरखी दादरी लपवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

परंतु त्या दुर्घटनेतून काही लोक भलताच धडा घेतात. त्यांचे म्हणणे असे : आता प्रत्येक विमानात ट्रान्सपॉन्डर आहे. त्याही पुढे जाऊन, विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपले ठिकाण स्वतःच ओळखते आणि दर सेकंदाला आपणहून सर्वांना कळविते, अशी एडीएस-बी पद्धत आली आहे. मग लहरींचा एवढा जोर खर्चून मुक्या ठिपक्यांचा शोध कशाला घ्यायचा? हिशेब पाहिला तर हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. पैसा जनतेचाच असतो आणि तो जपून वापरला पाहिजे.

यावर माझे उत्तर दोन घटनांत आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत चार विमानांचे अपहरण झाले. त्यांपैकी तिन्हींचे ट्रान्सपॉन्डर अपहरणकर्त्यांनी बंद केले आणि चौथ्याचा क्रमांक बदलला. एका क्षणात त्या तीन विमानांची नावे आणि उंची पडद्यावरून नाहीशी झाली. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावरील नियंत्रकांना राजधानीकडे अतिवेगाने येणारा एक निनावी ठिपका दिसला, तो प्राथमिक रडारनेच दाखविलेला होता. दुसरी घटना ८ मार्च २०१४ ची. क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या मलेशियन एअरलाइन्सच्या एमएच ३७० या विमानात २३९ जण होते. त्यांत ५ भारतीय नागरिक होते. रात्री एक वाजून एकवीस मिनिटांच्या सुमारास ते नियंत्रकांच्या पडद्यावरून नाहीसे झाले. ते मागे वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे गेले, हे नंतर उघड झाले ते मलेशियाच्या लष्करी प्राथमिक रडारच्या नोंदीवरून. पहाटे दोन वाजून बावीस मिनिटांपर्यंत ते त्या रडारला दिसत होते. विमानाने ओ देणे थांबविले होते, तरी एक तासभर त्याच्या असण्याची नोंद होत होती. तो ठिपका शत्रूचा नाही असे समजून त्या वेळी त्याची दखल घेतली गेली नाही, हा दोष यंत्राचा म्हणता येणार नाही.

विजेचा बिघाड होऊनही ट्रान्सपॉन्डर बंद पडतो. उपग्रहांचे संदेश जॅम करता येतात. खोटे संदेश सोडून विमानाला त्याचे स्वतःचेच ठिकाण चुकीचे भासविताही येते. मग विमान प्रामाणिकपणे चुकीचे उत्तर देईल आणि १९६२ साली जुन्नरच्या डोंगरावर जे झाले त्याच जागी आपण नव्या यंत्रांसह परत येऊन पोचू. म्हणून संरक्षण दले प्राथमिक रडार सोडीत नाहीत. आपल्या पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे आणि तेथील हवाई वाहतुकीचे नियंत्रणही हवाई दलाकडे आहे. न सांगता येणाऱ्यावर नजर ठेवणे हे त्यांना कोणी शिकवायला नको. परंतु नागरी विमानतळांनीही, निदान गर्दीच्या शहरांभोवती, हा डोळा मिटू नये. विचारणे आणि पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एका कामाने दुसऱ्याची रजा भरून निघत नाही.

कला शाखेच्या मुलीला हा विषय का भिडला, ते आता सांगते. माझ्या आजीचे आयुष्य भातखाचरात आणि शेणामातीत गेले. रोपे उपटून आणि भांडी घासून तिच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. एका कार्यालयात तिला यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितले. यंत्राने तो तीनदा नाकारला. आजी खिडकीसमोर उभी होती. तिच्या हातात सगळे कागद होते. खिडकीतले गृहस्थ तिला नावाने ओळखत होते, ‘मावशी’ म्हणत होते. तरी म्हणाले, ‘‘मावशी, यंत्र घेत नाही, मी काय करू?’’ आणि तिला परत पाठविले. आजी वाटेत मला एवढेच म्हणाली, ‘‘अगं, मी हाये की हितं.’’

दुय्यम रडारविषयी वाचताना मला तिचे हे वाक्य आठवले. आपला सारा कारभार हळूहळू दुय्यम रडारसारखा होत चालला आहे. ठरलेल्या प्रश्नाला ठरलेल्या भाषेत, ठरलेल्या क्रमांकानिशी उत्तर देईल तो आहे. उत्तर देता आले नाही तर तो नाही. ओळखपत्रे आणि क्रमांक नकोत असे मी म्हणत नाही. नाव आणि उंची न कळल्यामुळे काय अनर्थ होतो हे चरखी दादरीने दाखविलेच आहे. मोठ्या देशाचा कारभार नुसत्या ओळखीपाळखीवर चालत नाही, आणि चालला तर वशिलेबाजी माजते, हेही खरे. परंतु यंत्राने नकार दिल्यावर समोर माणूस उभा आहे हे पाहून त्याची नोंद घेणारी दुसरी सोय प्रत्येक खिडकीवर असलीच पाहिजे. ती सोय खर्चिक असेल, संथ असेल, तिच्यात नाव नीट उमटणार नाही. तरी ती हवी. ज्याला उत्तर देता येत नाही त्यालाच बहुधा मदतीची गरज सर्वांत जास्त असते; आकाशात हे खरे आहे आणि जमिनीवरही.

शेवटी माझ्या विद्यार्थिमित्रांना एक विनंती. हे विषय परके मानू नका. अंतर दुप्पट झाले की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर का येतो, हे समजायला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. शब्दकोश, थोडे गणित आणि शंका विचारण्याची सवय एवढे पुरले. विज्ञान मराठीत सांगता येते, आणि ते आपण सांगू लागलो तरच त्याच्या उपयोगाविषयी मत देण्याचा आपला हक्क राहील. उद्या आपल्या भागासाठी कोणती यंत्रे घ्यावीत, कोणती टाकावीत, कोणत्या खिडकीवर काय बसवावे, याचे निर्णय होतील. ते घेणाऱ्यांनी आपल्याला विचारले नाही, तरी आपण आपले मत लेखी कळवावे. रोहिड्याखालच्या गावांतूनही प्रतिध्वनी उमटतो, हे त्यांना ऐकू गेले पाहिजे.